तीन सुया आणि एक भिंत

फेस शहराच्या कुंभारवाड्यात बूश्ता हा मालेम, म्हणजे उस्ताद कारागीर, जितका हाताच्या कसबासाठी नावाजलेला होता, तितकाच हट्टासाठी. झेलिजचे, म्हणजे चकाकत्या फरश्यांच्या नक्षीचे, नखाएवढे रंगीत तुकडे तो असे बसवी, की दोहोंमध्ये केस शिरणार नाही. तेही उलटे! रंग जमिनीकडे, पाठ वर, नक्षी सगळी डोक्यात. वरून प्लास्टर ओतायचं, ते वाळलं की अख्खा तुकडा उभा करायचा. जमलं की फसलं ते तेव्हाच कळायचं. चाळीस वर्षं हे काम त्यानं गुडघे मोडून जमिनीवर बसून केलं. साठीला गुडघ्यांनी संप पुकारला.

नेमकी तेव्हाच मोहल्ल्याच्या मशिदीतली, वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, हौदामागची भिंत मढवायला त्याच्याकडे आली. रमजानपर्यंत झाली नाही तर काम अल्लालकडे जाणार होतं. अल्लाल म्हणजे शेजारच्या कारखान्याचा मालेम, जिभेला हाड नसलेला. बूश्ताला ती भिंत हवी म्हणजे हवीच होती.

डॉक्टर लुबनानं गुडघ्यात स्टेरॉइडची सुई दिली. "दोन दिवस आराम करा. पुढची सुई तीन महिन्यांच्या आत नाही," ती म्हणाली, "आणि दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा नवा झाला असं समजू नका, बूश्तासाहेब."

चार दिवसांत दुखणं पळालं. झालं! आमचा शहाणा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जमिनीवर. दुखतच नाही तर उठायचं कशाला? महिन्याभरात गुडघा पुन्हा टरारून सुजला. तेव्हा हा दुसऱ्या शहरात, मक्नासला गेला आणि आधीच्या सुईबद्दल चकार शब्द न काढता दुसरी घेऊन आला. पुढच्या महिन्यात सफ्रूला तिसरी. एका डॉक्टरला दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि हा आपल्याच हुशारीवर खूश.

तीन महिने भरल्यावर स्वारी पुन्हा लुबनाच्या दारात, या खेपेला बायको यामनाचा खांदा धरून.

"मुदत भरली, डॉक्टरीणबाई. द्या आता."

"मधे कुठे घेतली होती का?"

"छे! तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

यामनाला राहवलं नाही. "अहो, मग मक्नासला काय हवा खायला गेला होता? आणि सफ्रूला? बाई, यांच्या तीन झाल्यात! आणि रात्रंदिवस तहान तहान करतात हल्ली."

लुबनानं तिथल्या तिथे साखर तपासली. आकडा पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सुई वाईट नाही," ती म्हणाली. "स्वच्छ हातानं, अंतर ठेवून दिली तर बहुतेकांना काही त्रास होत नाही. आराम मिळतो, पण तो थोड्या आठवड्यांचा. वरचेवर टोचत राहिलात तर सांध्यातली गादी झिजायची भीती. त्यात तुम्हाला आधीपासूनच मधुमेह. प्रत्येक सुईनंतर साखर काही दिवस चढते. हे मक्नासच्या डॉक्टरला सांगितलंत?"

बूश्तानं सुजलेला गुडघा कपड्याखाली झाकून घेतला.

"आज सुई नाही. मांडीचे व्यायाम करा, काठी घ्या, साखर आवरा. आणि जमिनीवर बसणं बंद."

"म्हणजे भिंत अल्लालची!" त्याचा आवाज फाटला. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसून चक्क रडला.

यामनानं त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "तुकडे उलटेच लावायचे ना? मग खाली जमीन असली काय आणि टेबल असलं काय, त्यांना काय कळतंय?"

"झेलिज टेबलावर? बाप कबरीतून उठेल माझा."

"उठू दे. त्याचे गुडघे धड असतील तर मदतीला घ्या."

सुतारानं कंबरेएवढी चार टेबलं केली. बूश्तानं भिंतीचे चार भाग पाडले, उंच स्टुलावर बसून कामाला लागला. तासातासाला यामना ओरडायची, "पाय सरळ करा! दहा वेळा!" अल्लाल रोज दारात येऊन विचारी, "काय रे, कुसकुस वाढतोयस का टेबलावर?" बूश्ता मान वर करत नसे. पाच आठवड्यांत सूज उतरली. दुखणं होतं, पण त्याच्याशी जमवून घेता येईल एवढंच.

रमजानच्या दोन दिवस आधी चारही भाग मशिदीत उभे राहिले. निळ्या-हिरव्या चांदण्या एका भागातून दुसऱ्यात अशा सरकल्या, की सांधा कुठे आहे ते खुद्द बूश्तालाही दाखवता आलं नसतं. मोहल्ल्यातल्या बायकांनी आनंदानं किलकारी मारली. काठी टेकून उभ्या बूश्ताची छाती अभिमानानं भरून आली, आणि का येऊ नये?

अल्लाल नखानं सांधा शोधत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सापडला नाही. शेवटी बूश्ताच्या कानाशी येऊन पुटपुटला, "टेबल किती उंच केलंस रे?"

"आधी सांग, तुझ्या किती सुया झाल्या?"

अल्लालनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच चार बोटं वर केली.

"उद्या आधी लुबनाबाईंकडे जायचं," बूश्ता म्हणाला. "चारही सांगायच्या, एकही लपवायची नाही. मग सुताराकडे. मी येतो तुझ्याबरोबर."