किती लांबून चालतो

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. गाडीवर मागे बसले की नवऱ्याचा शर्ट एवढा घट्ट धरते की इस्त्री मोडते, आणि त्यावरून रोज बोलणी खाते. घरात सगळे मला भित्री भागूबाई म्हणतात, आणि त्याचं वाईट वाटून घेणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. पण एका कीबोर्डला मी जेवढी भ्याले तेवढी कशालाच भ्याले नाही. आणि तो तर आम्हीच दुकानात जाऊन, निवडून, पारखून आणला होता.

चिखलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. भाड्याची पत्र्याची शेड आणि तिच्यात एकच कटिंग मशीन. पलंगाएवढं लोखंडी टेबल, त्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणारं जड डोकं आणि त्या डोक्यात बसवलेलं धारदार पातं. चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग ठेवायला फोमचे ट्रे लागतात, ते आम्ही कापून देतो. मधूनच कुणाच्या देवघराची जाळी, कुणाच्या दाराची पाटी. ड्रॉइंग मी करते, मशीन नवरा चालवतो, तिसरं कुणी नाही.

मशीन चालतं कॉम्प्युटरवर. घरी असतो तसाच साधा डेस्कटॉप, मशीनशेजारी लोखंडी स्टँडवर ठेवलेला. कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबलं की डोकं त्या बाजूला सरकतं, दुसरं एक दाबलं की खाली येतं. कोण दाबतंय आणि कशाला दाबतंय, हे मशीनला कळत नाही. पातं बदलायचं तर नवरा डोक्याखाली दोन्ही हात घालतो आणि पान्याने ते सोडवतो. खरं तर त्याआधी मशीनवरचं लाल बटण दाबून सगळं बंद करायला हवं. पण मग मशीन आपली जागा विसरतं, पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं, कामाचा खोळंबा होतो. म्हणून तो लाल बटण दाबत नाही. मी किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. धीर एवढाच होता की कीबोर्डची तार आखूड होती. कीबोर्ड स्टँडवरच राहायचा, नवऱ्याच्या कोपराशी. त्याचे हात आत असताना बटण दाबायला दुसरं कुणी आलंच असतं, तर ते त्याला दिसलं असतं.

मग ती तार फोमच्या गठ्ठ्याखाली सापडून तुटली. तशीही भुशाने निम्मी बटणं अडकत होती, आणि माऊस चार वेळा आपटल्याशिवाय हलत नव्हता.

"आता वायरलेस घेऊ," नवरा म्हणाला. "तारेची कटकटच नको."

"कटकट आहे तेच बरं आहे," मी म्हटलं.

"तुझं म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस," तो म्हणाला, आणि विषय संपला.

माझा ब्रह्मराक्षस मात्र खरा होता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आयुष्यभर एका प्रेसशॉपमध्ये कामाला होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचे. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. लहानपणी कासारवाडीला फाटक ओलांडताना मी तोच हात धरायची. आमच्या चाळीत तसे हात असलेली आणखी माणसं होती, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. शाळेतली एक मैत्रीण घरी आली आणि अण्णांनी तिच्यापुढे लाडवाची ताटली धरली, तेव्हा ती किंचाळली. त्या दिवशी मला कळलं की हात असा नसतो. कसं झालं म्हणून विचारलं की घरात एकच उत्तर मिळायचं, मशीन बिघडलं होतं. त्यावर कुणी पुढे बोलायचं नाही.

खरेदीला आम्ही चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर खोकी मांडली. नवरा प्रत्येक कीबोर्डवर बोटं आपटून बघत होता. बटणं चपटी हवीत म्हणजे भुसा फडक्याने पुसता येईल, वरून प्लास्टिकचं कव्हर बसलं पाहिजे, कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकाच रिसीव्हरवर चालले पाहिजेत. हे सगळं बरोबरच होतं. मी आपली एकच गोष्ट विचारत होते.

"किती लांबून चालतो?"

"एकदम लांबून, ताई. हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला. हा तर भिंतीपलीकडूनही चालतो."

"तसा नको. अगदी जवळून चालेल असा दाखवा. हातभर लांब गेला की बंद पडेल असा."

दुकानदाराने माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. "ताई, असा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. नवऱ्याला माझी लाज वाटली असावी, कारण तो एकदम माऊसकडे वळला. दुकानदार एका माऊसचं कौतुक सांगायला लागला, की ह्याच्या क्लिकचा आवाजच येत नाही, बाळ झोपलं असेल तरी जागं होणार नाही. त्याच माऊसने पडद्यावरचं 'स्टार्ट' दाबलं की पातं फिरायला लागणार, आणि ते कुणाला ऐकूही येणार नाही! मी म्हटलं, आवाज करणाराच द्या, जेवढा मोठा करेल तेवढा चांगला.

शेवटी एक जोडी ठरली. कीबोर्डच्या पाठीला चालू-बंद करायचं छोटं बटण होतं, आणि त्यासाठी मी हट्ट धरला होता. "हे बघ, तुझ्यासाठी," नवरा म्हणाला. "पातं बदलायच्या आधी हे बंद करत जाईन. मग तर झालं?" मी मान हलवली. खोकं मांडीवर घेऊन घरी येताना मात्र मी त्याचा शर्ट धरला नव्हता, दोन्ही हातांनी ते खोकंच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला किती आनंद झाला म्हणून सांगू. तो टेबलापासून लांब उभा राहिला आणि मला कीबोर्ड घेऊन मागे मागे जायला लावलं. "दाब! चालतंय! अजून मागे जा!" मी शटरपर्यंत गेले, चालत होतं. बाहेर रस्त्यावर गेले, चालत होतं. शेजारच्या ग्राइंडिंगच्या शेडसमोर ठिणग्या उडत होत्या, तिथून दाबलं तरी आतून मोटारीचा आवाज आला. तिथून मला मशीन दिसत नव्हतं, टेबल दिसत नव्हतं, नवराही दिसत नव्हता. मी बटण दाबत होते आणि आत काहीतरी हलत होतं. कशाच्या जवळ हलत होतं, ते मला कळायला मार्ग नव्हता. माझे तळवे एवढे घामेजले की कीबोर्ड निसटायला लागला.

सुरुवातीला नवरा पाठीचं बटण आठवणीने बंद करायचा. मग ते पुन्हा चालू करून कीबोर्ड जोडला जायला जो क्षणभर वेळ लागतो, तोही त्याला जड वाटायला लागला. "बंद केलंत का?" मी विचारायची. "हो गं," तो म्हणायचा. मी जाऊन कीबोर्ड उलटा करून बघायची, तर चालूच. आणि आता तार नसल्याने कीबोर्डला एक जागा राहिली नव्हती. कधी फोमच्या ढिगावर, कधी खुर्चीवर, कधी शटरजवळ गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या टेबलावर. काम सोडून मी त्या कीबोर्डचीच राखण करत होते. नवऱ्याने हात आत घातले की माझं लक्ष त्याच्या हातांकडे नसायचं, कीबोर्ड कुठे आहे ते शोधण्यात असायचं.

एके दिवशी दुपारी चाकणहून एक ओळखीचे गिऱ्हाईक ट्रे न्यायला आले. भला माणूस, नेहमी हसतमुख. आत येताना त्यांनी हेल्मेट काढलं आणि समोरच्या टेबलावर ठेवलं. टेबलावर कीबोर्ड होता. आत मशीनचं डोकं सर्रकन आडवं गेलं आणि टोकाला धाडकन थडकून थांबलं. नवऱ्याने नुकतेच हात बाहेर काढले होते, कारण पाना हातातून पडला आणि तो उचलायला तो खाली वाकला होता. पाना पडला नसता तर काय झालं असतं, हे मी आजही पूर्ण विचारात आणू शकत नाही. अर्ध्यात थांबते.

गिऱ्हाईक म्हणाले, "काय झालं भाऊ?" नवरा हसून म्हणाला, "काही नाही, काही नाही." रात्री जेवतानाही तो तेच म्हणाला, काही झालं का? नाही ना? पण त्याने भाकरी नीट खाल्ली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन अण्णांना फोन केला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी अण्णा बसने आले. नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि उत्साहाने मशीन दाखवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन् पातं बदलताना बंद करता का?"

"वेळ फार जातो हो, अण्णा."

"आमचाबी जायचा," अण्णा म्हणाले. "प्रेसला दोन बटणं व्हती. दोन हातांनी दोन दाबली तरच प्रेस खाली यायचा. हात गुतलेले असले म्हंजे मधी येत न्हाईत, म्हनून. आमी एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायचो. मंग एकाच हाताचं काम."

"पण मशीन बिघडलं होतं ना?" मी विचारलं.

"न्हाई. मशीन चांगलं व्हतं."

एवढी वर्षं घरात जे वाक्य ऐकत आले होते, ते अण्णांनी असं चहा पिता पिता मोडलं. अण्णा उठले, मशीनपाशी गेले आणि त्यांनी डोक्याखाली, अगदी पात्याच्या खाली, आपला हात पालथा ठेवला. उजवा नाही. डावा, पाचही बोटं असलेला.

"जावईबापू, तुमचं ते यंत्र घेऊन भाईर रस्त्यावर जा."

"अण्णा, काय हे, काढा हात," नवरा हसत म्हणाला. अण्णा हलले नाहीत. कीबोर्ड शटरजवळच्या टेबलावर होता. आधी तो तिथून हलवावा म्हणून नवऱ्याने तो दोन्ही तळव्यांवर उचलला, आणि उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो चालू आहे. पाठीचं बटण बंद करायचं तर उलटा करायला हवा. उलटा करायचा तर वरून बोट लागणार. खाली ठेवायचा तर काहीतरी दाबलं जाणार. तो शटरमध्ये तसाच उभा राहिला, हात पुढे करून, श्वास रोखून.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "आधी त्यांचा हात काढ. मी हलत नाही. तू काढ."

कशी पोहोचले माहीत नाही, पण मी लाल बटणावर तळहात एवढ्या जोराने मारला की नंतर दोन दिवस मनगट दुखत होतं. मशीनचा पंखा घरघरत थांबला. अण्णांनी हात बाहेर काढला आणि खुर्चीवर बसून तो उजव्या हाताने चोळत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. अण्णा भ्यालेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"बंद झालंय," मी नवऱ्याला म्हटलं. "ठेवा खाली." त्याने तरीही ठेवला नाही. शेवटी मी जाऊन त्याच्या हातातून तो काढून घेतला, तेव्हा त्याची बोटं गार पडलेली लागली.

त्या संध्याकाळी पातं बदलायच्या आधी त्याने लाल बटण दाबलं. मी काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही कीबोर्ड-माऊस पुन्हा खोक्यात भरून दुकानात गेलो. काउंटरपाशी कॉलेजची दोन पोरं हेडफोन बघत उभी होती.

"खराब निघाला का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, चांगला आहे," नवरा म्हणाला.

"मग बदलायचा कशाला?"

मला वाटलं, आता हा म्हणेल की बायको भित्री आहे. तसं तो नेहमीच म्हणतो, आणि तेव्हा म्हणाला असता तरी मला चाललं असतं. त्याने खोकं पुढे सरकवलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. पोरं वळून बघायला लागली. त्यांतलं एक हसलं. नवऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. "त्याची मला फार भीती वाटते. तारेचा द्या. आखूड तारेचा."