गार हाय न्हवं?

गारचाचांच्या आवारात पाऊल टाकलं की ते आधी तुमचा हात धरत. मनगट पकडून तुम्हाला इंजिनांच्या रांगेपाशी नेत, तुम्हाला हव्या असलेल्या इंजिनावर तळवा दाबून ठेवत आणि विचारत, "गार हाय न्हवं?" तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय पुढे भाव नाही, बोलणं नाही, चहासुद्धा नाही. मिरजेत अपघातात सापडलेल्या नाहीतर मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं विकणारे बरेच होते, पण गिऱ्हाइकाचा हात काळा केल्याशिवाय सौदा न करणारे हे एकटेच. त्यावरून सगळा गाव त्यांना गारचाचा म्हणे. त्यांचं खरं नाव मला ते गेले त्या दिवशी कळलं, आणि कळूनही माझ्या तोंडी बसलं नाही.

यामागचं कारण साधं होतं. तापलेलं इंजिन कसंही सुरू होतं. लबाड विक्रेता गिऱ्हाईक यायच्या आधी ते अर्धा तास चालवून ठेवतो, मग किल्ली फिरवून दाखवतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं. रात्रभर पडून गार झालेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, तरच ते चाचा विकायला काढत.

आम्ही आटपाडीचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि माझे वडील, आबा, फौजेत ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही यावरून दिवसाला एक भांडण, एवढाच आमचा संसार. आबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि बुधवारी नि रविवारी मिरजेला डायलिसिस सुरू झालं. निवृत्तीनंतर आबांनी हौसेनं एक पांढरी गाडी घेतली होती. ती मी चालवायची आणि शेजारी बसून आबांनी माझ्या प्रत्येक गियरला नावं ठेवायची, अशी वाटणी होती.

एका रविवारी तासगावच्या अलीकडे इंजिनातलं पाणी गळून संपलेलं माझ्या लक्षातच आलं नाही. तापमानाचा काटा लाल रेघेपार गेलेला आबांना दिसला, तोवर इंजिन जाम झालं होतं. पुढचे तीन आठवडे आम्ही एसटीनं गेलो. डायलिसिस झाल्यावर आबांच्या अंगात त्राण उरत नसे. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, तो मिरजेच्या स्टँडवर माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसायचा. माझ्या एका चुकीनं हे झालं, या विचारानं मला घास जात नव्हता. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. आमचा मेस्त्री म्हणाला, "गारचाचांकडं जावा. दुसरीकडं कुटं जाऊ नका."

खरं तर डॉक्टरांनी दुसराही एक रस्ता सांगितला होता. माझी किडनी आबांना जुळत होती. आबांनी तो विषय पहिल्याच दिवशी उडवून लावला. "आदीच लगीन न्हाई. त्यात एक किडनी. मग तुला कोन इचारील? पुन्यांदा काडलास ह्यो विषय, तर दवाखान्याची पायरी चडनार न्हाई." हा माणूस बोललेलं करून दाखवणारा. मी गप्प बसले, पण आबांची सुजलेली पावलं रोज डोळ्यांसमोर होती.

चाचांशी पहिली भेट मी स्वतःच्या हातानं बिघडवली. रेल्वे पुलापलीकडे कडुनिंबाखाली त्यांचं आवार. मी गेले आणि म्हणाले, "चाचा, भंगारातलं एखादं इंजिन मिळेल का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली. "भंगार पलीकडं. वजनावर मिळतंय. दोन किलो घ्या न्हाईतर चार."

आबांनी सावरून घेतलं. "आवं चाचा, मास्तरीण हाय ती. पुस्तकाच्या भाईर काय कळतंय तिला?"

या वाक्यावर चाचा विरघळले. रांगेकडे हात करून मला म्हणाले, "ही समदी पेन्शनर मंडळी हायत, बाई. नोकरी सुटली, जीव हाय अजून." मग आबांना विचारलं, "आन तुमी?"

"पेन्शनरच की, फौजेतला," आबा म्हणाले. दोघंही हसले, आणि मी तिसरी असल्यासारखी बाजूला उभी राहिले. त्या दिवसापासून चाचा त्यांना फौजी म्हणू लागले आणि मला बाई.

चाचांची आणखी एक सवय होती. कुठलंही इंजिन ते अनाथ विकत नसत. ते कुठल्या गाडीतलं, ती गाडी कुणाची, मार कुठे बसला, सगळं सांगत. आमच्यासाठी त्यांनी निवडलेलं इंजिन साताऱ्याच्या एका निवृत्त बाईंच्या गाडीतलं होतं. लोणंदजवळ रस्त्याकडेला गाडी उभी करून त्या रसवंतीत गेल्या होत्या, तेवढ्यात उसाच्या ट्रॉलीनं मागून ठोकलं. "मागची बाजू पार चेपली. इंजिन पुढं, त्येला ओरखडा न्हाई. बाईंच्या हातातला रसाचा गिलास बी सांडला न्हाई," चाचा म्हणाले.

आबांना खात्री पटेना. कुणाचा जीव गेलेल्या गाडीचं इंजिन त्यांना नको होतं. चाचांनी वाद घातला नाही. साताऱ्याला फोन लावला आणि आबांच्या हातात दिला. आबा गडबडले, ताठ उभे राहिले आणि साहेबांशी बोलावं तसं बोलले. "म्याडम, तुमचं इंजिन आमी घ्यावं म्हंतोय. मनापासनं देताय न्हवं?" पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आबा दोनदा "आभारी हाय" म्हणाले आणि फोन चाचांना देऊन डोळे पुसले. आजारपणात ते असे हळवे झाले होते.

मग हात. आधी आबांचा, नंतर माझा. "गार हाय न्हवं?" लाकडी घोडीवर ठेवलेल्या इंजिनाला चाचांनी बॅटरी जोडली, पेट्रोलची नळी लावली आणि बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात ते सुरू झालं. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. तीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस, त्यांच्या चेहऱ्यावरची आठी सुटली तशी मलाही धीर आला.

कागदांच्या बाबतीत चाचा आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा कडक होते. जुन्या गाडीच्या नोंदणीची प्रत, विक्रीची पावती, आरटीओचा अर्ज, सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. आबांनी विचारलं, "मंग गाडी कुनाची म्हनायची? आमची का साताऱ्याची?"

"तुमचीच की. नाव त्येच, चासी नंबर त्योच. फकस्त इंजिन नंबर बदलतो बुकात."

गाडी पुन्हा धावू लागली. आबांचं डायलिसिस चार तास चाले, आणि दवाखान्याच्या बाकावर बसण्यापेक्षा मी चाचांच्या आवारात वह्या तपासत बसू लागले. एकदा मी त्यांना म्हटलं की काट्याकडे माझं लक्ष असतं तर ते जुनं इंजिन गेलं नसतं. चाचा हातातला पाना खाली ठेवून समोर बसले.

"माजी बी एक चूक आईका," म्हणाले. तरुणपणी त्यांनी एका दूधवाल्या टेम्पोचालकाला इंजिन विकलं होतं, पहाटे तापवून ठेवलेलं. चार दिवसांत ते बसलं. तो माणूस भांडायला आला नाही. हात जोडून विचारत होता, "चाचा, माजं काय चुकलं? त्याल कमी घातलं का मी?" चाचांनी मुकाट्यानं दुसरं इंजिन दिलं, पण आपण फसवलं हे सांगायचं धाडस झालं नाही. "त्येच साली त्यो गेला. शेवटपत्तुर त्येला वाटत ऱ्हायलं, त्येचंच चुकलं. तवापासनं मी पयला गिऱ्हाइकाचा हात ठिवतो."

हे सांगून ते उठले आणि कामाला लागले. मला मात्र राहवलं नाही. माझी किडनी जुळते आणि आबा ऐकत नाहीत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. चाचा पाना फिरवत राहिले. मला थोडा रागच आला.

पुढच्या बुधवारी डायलिसिस संपल्यावर आबांना घेऊन मी आवारात गेले. आबांना दिवसाचं पाणी मोजून असे, म्हणून चाचा त्यांना अर्धा कपच चहा देत आणि सोबत म्हणून स्वतःही अर्धाच घेत. कप खाली ठेवून चाचा म्हणाले, "फौजी, त्या साताऱ्याच्या बाईला तुमी फोनवर काय इचारलं हुतं?"

"मनापासनं देताय न्हवं, असं इचारलं."

"परक्या बाईला इचारलं. आन ह्या बाईला इचारलं का कवा?"

आबांचा चेहरा उतरला. मग चिडून माझ्याकडे पाहिलं. "माजी पोरगी हाय ती, चाचा."

"म्हनूनच इचारा. ती न्हाई म्हनली तर मी पुन्यांदा तोंड उगडनार न्हाई."

आबांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. मला वाटलं, आता उठतील आणि निघतील. ते उठले नाहीत. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुमे, मनापासनं देतीयास?"

"व्हय, आबा." शाळेत पोरांना 'व्हय नाही, हो म्हणा' असं दटावणारी मी, त्या वेळी मला दुसरा शब्द सुचलाच नाही. आबा रडले, मी रडले. चाचा उठून उगाचच एका इंजिनावरची धूळ पुसायला गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी एकच धाक घातला होता, ताप येता कामा नये. दिवसातून चार वेळा मी आबांच्या काखेत थर्मामीटर खुपसायची. दोन महिन्यांनी चाचा एसटीनं आटपाडीला आले. तोंडाला मास्क, दारातच साबणानं दोनदा हात धुतलेले. आबांच्या जवळ ते गेले नाहीत. माझं मनगट धरून मला खाटेपाशी नेलं आणि लांबूनच म्हणाले, "ठिवा कपाळावर. गार हाय न्हवं?"

गार होतं.

"चाचा," आबा पडल्यापडल्या म्हणाले, "नाव त्येच, चासी नंबर त्योच. इंजिन नंबर तेवडा बदललाय. आरटीओला कळवू का?" चाचा इतके हसले की मास्क खाली घसरला, आणि मी त्यांच्यावर ओरडले.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही तपासणीला मिरजेला गेलो, पण एकदाही चाचांकडे गेल्याशिवाय परतलो नाही. दोघा म्हाताऱ्यांनी इंजिनांच्या रांगेसमोर बसून आपापल्या औषधांच्या गोळ्या मोजायच्या आणि माझ्या गाडी चालवण्याची मिळून निंदा करायची. माझ्या लग्नाचा विषयही आता दोघं मिळून काढायचे. आधी एक बाप होता, आता दोन झाले, असं मी चिडून म्हणायची. मनातून मला ते फार आवडायचं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. चाचा झोपेतच गेले होते. आम्ही लगेच निघालो. आवारात, कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावली. दुपारच्या नमाजेनंतर आबा कब्रस्तानात जाऊन तीन मुठी माती देऊन आले. मी घरातल्या बायकांबरोबर बसले होते. सून म्हणाली, "बाई, तुमी लई भांडायच्या त्यांच्याशी. त्येंना लई बरं वाटायचं." तेव्हा माझा बांध फुटला.

निघायला संध्याकाळ झाली. आवारात आता कुणी नव्हतं. रांगेतली इंजिनं ताडपत्रीखाली होती. मी किल्ली काढून दार उघडलं, तर आबा म्हणाले, "थांब." त्यांनी बॉनेट उघडलं. माझं मनगट धरलं, चाचा धरायचे तसंच घट्ट, आणि तळवा इंजिनावर दाबून ठेवला. दिवसभर उभी राहिलेली गाडी.

"गार हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

"हाय, आबा."

मी आत बसले आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.