श्वास घ्या, ताई!

बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम केलं की किस्से हुडकावे लागत न्हाईत. पिशवी, थर्मास अन् सासू घेऊन तेच दारात उतरतात! जालन्यातला आमचा दवाखाना लहानच. डॉक्टर मॅडम अन् आम्ही दोघी सिस्टर. पण किस्से? एसटी भरून!

*

नॉर्मल डिलिव्हरी व्हावी म्हणून मॅडम दर गुरुवारी क्लास घेतात. कळ आली की श्वास कसा सोडायचा, कंबर कुठं दाबायची. नवऱ्यांनीही यायचं. धावडा गावचा संतोष पहिल्याच दिवशी इतका जोरजोरात श्वास घ्यायला लागला की त्यालाच चक्कर आली! त्याची बायको अर्चना पदरानं वारा घालत म्हणाली, "सिस्टर, आधी यांना अ‍ॅडमिट करा. मला अजून टाइम हाये!"

*

हाच संतोष डिलिव्हरीच्या वेळी तिच्या उशाशी उभा. मॅडम म्हणाल्या, "हिला धीर येईल असं काहीतरी बोला." गडी सुरूच झाला, "हां, अजून जरा... सोडू नको... निघालं, निघालं!"

अर्चना दात आवळून ओरडली, "मी चिखलात फसलेलं ट्रॅक्टर हाये का?"

*

अंबडच्या गयाबाई सुनेसोबत क्लासला यायच्या. "आमच्या वेळी कुठं होता व्यायाम?" म्हणत कोपऱ्यात बसायच्या. एक दिवस बघते तर सुनेच्या शेजारी सतरंजीवर बसून पाय हलवून राह्यल्या! पुढच्या गुरुवारी बहिणीलाही घेऊन आल्या.

मॅडमनी विचारलं, "यांना कितवा महिना?"

"हिचे गुडघे दुखतेत. माझे बिलकुल मोकळे झाले. बाळंतपण सुनेचं, फायदा आमचा!"

*

शबाना म्हणजे क्लासातली सगळ्यात हुशार. कळा वाढत गेल्या, तरी श्वास एकदम बराबर. अम्मी पाठ चोळत होती. ऐन जोर लावायच्या वेळी ही उठून बसली अन् चप्पल शोधायला लागली!

"अगं, कुठं निघालीस?"

"सिस्टर, बस हो गया. मैं घर जारी. बाकी का कल करेंगे!"

अम्मी हसली, मॅडम हसल्या, शेवटी शबानाही हसली. त्या हसण्यातच पुढची कळ आली, अन् थोड्या वेळानं मुलगी!

*

अन् आमची रेखा. तिचं पहिलं बाळ जन्मलं, पण रडलंच न्हवतं. या वेळी क्लासला यायची, मागं बसायची, कुणाशी बोलायची न्हाई. एकदाच तिनं विचारलं, "मॅडम, सगळं बराबर होईल ना?"

मॅडम म्हणाल्या, "शब्द न्हाई देत. पण हात सोडणार न्हाई."

कळा सुरू झाल्या तशी ती व्हरांड्यात चालत राहिली. कळ आली की नवऱ्याच्या, गणेशच्या गळ्यात हात टाकून झुलायची. हूं की चूं न्हाई. आत घेतलं तरी गपच. मॅडमनी खरंच हात सोडला न्हाई, मी बाळ झेललं.

बाळ आलं. पण रडेना. मी त्याची पाठ चोळली, अजून चोळली... अन् पोरानं असा टाहो फोडला की बाहेरून गणेश दारच ठोकायला लागला!

सासूबाई धावत आत आल्या. बाळाला उचलून छातीशी धरलं. "उगी, उगी माझ्या राजा..."

घामानं चिंब झालेली रेखा सासूकडं बघत कोपरावर उठली.

"आत्याबाई, उगी नका करू. रडू द्या त्याला!"