सर्वेश आणि मागचा गिअर

गाडी कशी चालवावी, याबद्दल आमच्या वाडीत शेवटचा शब्द सर्वेशचा. शेजारी म्हणून तो शब्द मला रोज ऐकावा लागतो, कारण त्याची पडवी आणि माझी विहीर यांच्यामध्ये फक्त चिऱ्यांचा एक बुटका गडगा आहे. मी कळशी भरायला गेलो की तो पडवीतून मत देतो.

आंबोलीचा घाट उतरणारे एसटीवाले वळणात फार लवकर शिरतात. देवगडचे आंबे नेणारे टेम्पोवाले वळणाच्या आत ब्रेक मारतात; तो आधी, सरळ रस्त्यावरच मारून मोकळं व्हायचं असतं. भिकाजीची रिक्षा तेवढी वळणातून बरोबर बाहेर पडते, पण त्याचं श्रेय भिकाजीला नाही. रिक्षाचं पुढचं चाक वाकडं आहे.

असं हे शास्त्र. त्यात उणीव एकच होती. हा शास्त्री स्वतः गाडी चालवताना वाडीत कोणाच्या नजरेस पडलेला नव्हता.

सर्वेशचं वय पस्तिशीच्या आसपास. कुडाळात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो, स्कूटरने. संध्याकाळी घरी आला की कपडे बदलतो, पायांत पातळ मोजे चढवतो आणि पडवीत शर्यतीला बसतो. पडवीत पूर्वी भाताची पोती असायची. आता तिथे गोठ्याच्या जुन्या पाइपांचा सांगाडा आहे, त्यावर भंगारातून आणलेली व्हॅनची सीट, समोर मोठा पडदा, पुण्याहून मागवलेलं स्टिअरिंग आणि खाली तीन पेडल. ह्या सांगाड्यावर बसून तो जगभरच्या लोकांशी गाड्या पळवतो. मे महिन्यात मथुराकाकी, म्हणजे त्याची आई, त्याच सीटवर आमसुलं वाळत घालते. त्या दिवसांत जगभरचे लोक आपापसांत पळतात.

सामानाबद्दलही त्याची मतं ठाम. दातेरी चाकांवर चालणारं स्टिअरिंग म्हणजे खडखडणारा मिक्सर. पट्ट्यावर चालणारं म्हणजे पिठाची गिरण. मोटर थेट दांड्याला जोडलेली असेल तेच खरं, बाकी सगळी खेळणी. पण त्याचा खरा जीव ब्रेकच्या पेडलात.

"काका, ब्रेक किती खाली गेलो ता बघूचा नसता," तो मला सांगायचा. "पायात जोर किती, ता मोजूचा असता. माझ्या पेडलार चाळीस किलोचो जोर लागता."

"चाळीस किलो? म्हणजे तांदळाचा पोता."

"तुमका नाय कळाचा ता."

"आणि गाडी गडग्यार आपटली तर?"

"बटन आसा. दाबला की गाडी परत रस्त्यार सरळ उभी रवता, तोंड पुढे करून."

हे बटण वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं होतं.

आता त्याचे वडील, दाजी. दाजींनी सगळा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, पण ड्रायव्हर किती पाण्यात आहे हे ते दोन स्टॉपांत सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईच्या भाच्याची जुनी अल्टो घेतली. तिची चावी मात्र करगोट्याला बांधून ठेवली. दर रविवारी भिकाजी येऊन गाडी चालू करी, अंगणात जरा मागेपुढे करी आणि बंद करून चावी परत त्या करगोट्यात. घरात गाडीवर एवढं बोलणारा मुलगा असताना.

सर्वेशला जगात दुसरं काही नको होतं, ही चावी हवी होती. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "आधी चावी मिळांदे."

दाजी म्हणायचे, "पडद्यार गाडी चलवणारो आणि दशावतारात लढाई करणारो, दोघांकाय रक्त येणा नाय."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण श्रावणातले दिवस, पावसात कामं बंद, माणसाला काहीतरी करमणूक लागते. आमच्याकडे गणपतीची मूर्ती सांगायची म्हणजे ज्याने त्याने आपला घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट घरी येते. मी दाजींबरोबर पाट पोचवायला गेलो, आणि येताना सहज पुडी सोडली.

"दाजी, यंदा गणपती सर्वेशान गाडीत घालून आणूक काय हरकत आसा? कच्च्या मातीची मूर्ती. हिसको बसलो तर तडो जातलो. खरो ड्रायव्हर कोण ता एका फेरीत कळात."

दाजींनी करगोटा चाचपला. मग म्हणाले, "गणपती सुखरूप घराक इलो तर चावी तेची. नाय तर तो पडदो मी उकिरड्यार टाकतलंय."

सर्वेशला हे सांगितलं तेव्हा तो घाबरला नाही. उलट त्याने मला विचारलं, मूर्तीचं वजन किती असेल, आणि ती सीटवर डावीकडे ठेवायची की मधोमध.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी निघालो. सर्वेशने चपला काढून मोजे घातले, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवले, आरसे लावले. मी पुढे, दाजी मागे. अंगणातून सुटलो, आणि फाटकाशी त्याने ब्रेक मारला. चाळीस किलोचा. माझं कपाळ समोरच्या काचेला लागून आलं आणि दाजींची टोपी माझ्या मांडीवर पडली.

"ब्रेकची सेटिंग चुकीची आसा," सर्वेश म्हणाला.

"गाडी बदलून घेवया काय?" मी विचारलं.

पण खरं ते सांगायला हवं. शाळेतून मूर्ती घेतली, मागच्या सीटवर दाजींनी दोन्ही हातांनी पाट धरला, आणि त्यानंतर सर्वेशने गाडी जी चालवली तशी मी आजवर पाहिली नाही. रस्त्यात खड्डे होते की खड्ड्यांत रस्ता हे देवच जाणे, पण गाडी तळ्यातल्या होडीसारखी जात होती. वळण कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. गणपतीच्या हातातला मोदकसुद्धा हलला नाही. आरशात मी दाजींना पाहिलं. त्यांचा एक हात पाटावर होता, दुसरा करगोट्यावर. चावी गाडीत होती, पण सवय.

रस्ता सोडून आम्ही पाणंदीत शिरलो. पाणंद म्हणजे दोन्हीकडे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. ती पार पलीकडे देवळापर्यंत जाते; आमची घरं देवळाच्या पुढे. अर्ध्यावर आलो आणि समोरून दुसरी गाडी आली.

हरिश्चंद्र गुरुजींची. त्यांचा गणपती देवळाजवळच्या शाळेत होतो आणि घर रस्त्याच्या तोंडाशी. चालवत होती त्यांची सून रसिका, मागच्या सीटवर गुरुजी मूर्ती धरून. दोन गणपती समोरासमोर.

आमच्या मागे जरा अंतरावर पाणंद रुंद होते. तिथे गाडी बाजूला घेता येते. त्यांच्या मागे थेट देऊळ. म्हणजे मागे कोणी जायचं हे उघड होतं. रसिकाने दिव्यांची उघडझाप केली आणि थांबली.

सर्वेशचे हात नऊ आणि तीनवर. हलेनात.

"घे पाठी," मी म्हटलं.

सर्वेश समोर बघत गंभीरपणे म्हणाला, "गणपती बसलो काय पाठी जावचा नसता."

दाजींना हे एकदम पटलं. मुलाला देवाधर्माचं एवढं कळतं हे त्यांना त्या दिवशी प्रथमच समजत होतं. ते खिडकीतून ओरडले, "गुरुजी, आमचो गणपती पाठी जावचो नाय."

गुरुजी जन्मभर शाळेत शुद्ध बोलले, गाडीतही तसेच. "दाजी, आमच्या गाडीत काय नारळ आहेत का? आमचाही गणपतीच आहे."

रसिका म्हणाली, "मामा, मी घेतंय पाठी. माका चलता."

"मुळीच नाही. त्यांचा देव आणि आपला काय उमेदवार?"

झालं. दोन्ही गाड्यांची तोंडं एकमेकांना टेकायला आलेली, वर पाऊस भुरभुरतोय, आणि दोन म्हातारे देवांची बाजू लढवतायत. मी सर्वेशच्या कानाशी गेलो.

"खरा सांग."

"काका, माका रिव्हर्स येणा नाय. ड्रायव्हिंग स्कुलात त्या वेळी मास्तरच स्टिअरिंग धरी. आणि घराकडे..."

"घराकडे बटन."

"होय."

"मगे दाब बटन. खंय आसा?"

हे मागे दाजींनी ऐकलं. एवढा वेळ ते देवासाठी खिडकीतून भांडत होते, ते आत वळले. मला वाटलं, गेला पडदा उकिरड्यावर. त्याच्याबरोबर माझ्या विहिरीवरची करमणूकही गेली.

दाजी दार उघडून मला म्हणाले, "गुंडू, डोक्यार टॉवेल घे. गणपती घराक चलत जातलो."

माझी कंबर धरली आहे हे मी सांगणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून सांगितलं नाही. टॉवेलची चुंबळ केली, मूर्तीवर प्लास्टिक ओढलं आणि पाट डोक्यावर घेतला. तिकडे गुरुजींनीही आपली मूर्ती छातीशी धरली. देव उतरले, गाड्या मोकळ्या झाल्या. आता मागे जायला कोणाचीच हरकत राहिली नाही, आणि सर्वेशला सबबही राहिली नाही.

रसिका खाली उतरली. "सर्वेशदादा, मी घेव काय तुमची गाडी पाठी?"

सर्वेश उतरायलाच निघाला होता.

"नको गो," दाजी म्हणाले. "तेका घेवंदे." आणि ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, जसे जन्मभर स्टँडवर उभे राहिले होते. हाताने डिकीवर दोन थापा मारल्या. "बस थंयच. मी आसय पाठी."

"पप्पा, रिव्हर्स खंय पडता?"

"उजवीकडे, मगे खाली," रसिकाने सांगितलं.

गुरुजी आणि मी गडग्याला चिकटून आपापल्या दिशेने सरकलो. मी पाट सांभाळत घराच्या दिशेने चालत होतो, त्यामुळे मागे काय झालं ते पाहिलं नाही, फक्त ऐकलं. थाप, थाप. "येवंदे. येवंदे. उजवो मार. अरे तुझो उजवो, माझो नाय. येवंदे." मग इंजिनाचं ओरडणं. मग चिऱ्यावर काच फुटते तसा आवाज. आणि पुन्हा थाप, थाप. "काय नाय झाला. येवंदे."

गणपती घरी पोचला, तडा न जाता. मथुराकाकीने ओवाळलं. बऱ्याच वेळाने गाडी आली. मागचा एक दिवा पाणंदीत राहिला होता.

आता शब्द शब्दच. गणपती सुखरूप आला होता. कोणाच्या डोक्यावरून यावा हे ठरलेलं नव्हतं. दाजी कंडक्टर माणूस. तिकीट फाडलं की मुक्कामापर्यंत पोचवतात, बस बंद पडली तर दुसऱ्या बसने. त्यांनी चावी सर्वेशच्या हातावर ठेवली. "एकच. पाठी घेताना माका हाक मारूची."

त्यामुळे आता असं आहे. सर्वेश गाडी घेऊन कुडाळला जातो आणि येताना पिंगुळीवरून लांबच्या वाटेने येतो, म्हणजे कुठेच मागे घेऊन वळवावी लागत नाही. त्याच्याबरोबर बाजाराला गेलं तर दोन गावं जास्तीची पाहायला मिळतात. ह्याला तो सर्किट म्हणतो. अंगणात शिरला की हॉर्न देतो, दाजी जेवत असले तरी हात धुऊन बाहेर येतात.

परवा विहिरीवर गेलो तर पडवीत शर्यत चालू होती. पडद्यावर कुठलातरी परदेशी ट्रॅक, आणि झाडं, पाट्या, लोक सगळं लांब लांब जातंय. गाडी अख्खा ट्रॅक उलटी चालली होती. समोरून येणारे जगभरचे लोक दिवे मारत बाजूला होत होते. सीटच्या मागे दाजी स्टुलावर बसलेले, पानाच्या डब्याने पाइपावर टकटक करतायत. "येवंदे. येवंदे."

मला पाहून सर्वेशने स्टिअरिंग न सोडता मान वळवली.

"काका, भिकाजी रिव्हर्स घेताना आरशात बघता. चुकीचा आसा ता. मान फिरवक व्हयी."

"पुढे बघ," दाजी म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे पाठी बघ."