सनस्टोन मलूल पडला तेव्हा
त्या खड्याला आधी मीच भुलले, हे कबूल केलेलं बरं. नवऱ्याचा सूर्य कमजोर, म्हणून नोकरी कायम होत नाही, असं ज्योतिषीबुवांनी सांगितलं होतं. माणिक आपल्या आवाक्यातलं नाही, तर त्याचं उपरत्न घ्या, सनस्टोन. पालघरच्या दुकानदारानं तो माझ्या तळहातावर ठेवला. सरळ पाहिला तर साधा केशरी दगड. जरा कलता केला आणि आतले तांबूस कण एकदम पेटले. नकली काचेचा खडा सगळीकडून सारखाच चमचमतो, अस्सल मात्र ठरावीक कलालाच चमक देतो, हे त्यानं करून दाखवलं. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली मी, कितीतरी वेळ तो दगड कलता करत उभी होते.

कानातली फुलं मोडून त्या सोन्याची अंगठी केली. कोंदण खालून उघडं, कारण खडा कातडीला लागला नाही तर गुण येत नाही. रविवारी सूर्योदयाला ती ह्यांच्या उजव्या अनामिकेत घातली. आम्ही घाटावरून आलेली माणसं, बेटेगावात भाड्यानं राहतो. हे बोईसरला पोलादाच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेले, नळ्या अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून साफ करण्याच्या कामावर. तिथे अंगठीला बंदी. पण कायम करायच्या कामगारांची यादी लागणार होती आणि अशा वेळी अंगठी उतरवायची नाही, असं मी बजावलं. मग हे ती रबरी हातमोज्याखाली घालून जाऊ लागले.

दोनेक महिन्यांत खडा मलूल दिसू लागला. वर दुधी साय धरल्यासारखं झालं, कितीही कलता केला तरी आत काही पेटेना. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला! आमच्याकडे म्हणतात, रत्न माणसाची पीडा स्वतःवर ओढून घेतं, म्हणून फिकं पडतं.

"बोट जरा बधिर वाटतंय," हे म्हणाले. "काढून ठेवू का?"

"अहो, आत्ता कुठे पीडा उतरतेय. यादी लागेपर्यंत दम धरा."

तारापूरकडून मासळी आणणारी मावशी तेव्हा दारातच बसली होती. तिनं ह्यांचा हात पाहिला. "बाय, ज्यानं दगडाला खाल्लंय, तो बोटाला सोडल काय? माजं ऐक, काढ ती."

"मावशी, तुम्ही बोंबील मोजा," मी म्हटलं. शिकलेल्या बाईचा तोरा होता तो, दुसरं काय!

पुढच्याच आठवड्यात हातमोज्याला बारीक भोक पडलं. सकाळच्या पाळीत अ‍ॅसिड आत गेलं ते ह्यांना कळलंही नाही. ते लागताक्षणी भाजत नाही, गुपचूप हाडाकडे उतरतं. संध्याकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा बोट इतकं सुजलं होतं की अंगठी कापून काढावी लागली. तिच्याखाली अ‍ॅसिड साचून राहिलं होतं, डॉक्टर म्हणाले. बोट मुळापासून गेलं.

कुठलं अ‍ॅसिड, ते डॉक्टरांनी सांगितलं आणि मी बाकावर बसले. मी बारावीच्या शिकवण्या घेते. काचेला खाणारं आणि म्हणून काचेच्या बाटलीत न ठेवता येणारं अ‍ॅसिड कोणतं, हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना वहीत उत्तरासकट लिहून देते. सनस्टोनही काचेसारखाच सिलिकेटचा. मोज्याला भोक पडायच्या आधीपासून आत अ‍ॅसिडची वाफ पोचतेय हे तो दगड सांगत होता आणि मी घरात बसून पेढे कुठून आणायचे याचा विचार करत होते. मला स्वतःची किळस आली.

यादी लागली, तिच्यात ह्यांचं नाव नव्हतं. नियम मोडून अंगठी घातली म्हणून चौकशी झाली. तिथे ह्यांनी दिलेल्या जबाबाची प्रत घरी आली. भाजी निवडता निवडता मी ती वाचली.

'अंगठी मी माझ्या मर्जीने घातली. पत्नी काढून ठेव म्हणत होती, मी ऐकले नाही.'

खाली डाव्या हातानं केलेली वाकडी सही होती.