भैयाजींच्या मिशा आणि चांदावरची धूळ

मोहाडीच्या बाजारात भैयाजी सोनकुसरे येत असले की आधी त्यांच्या मिशा दिसतात, मग भैयाजी. दोन्ही टोकांना पीळ, वर खोबरेल तेलाची चकाकी, आणि बोलताना त्या अशा हलतात की निम्मं बोलणं मिशाच उरकून घेतात. घराणं कोष्ट्याचं, पण भैयाजी मागावर कधी बसले ते त्या मागालाच ठाऊक. त्यांचा सगळा जीव झाडीपट्टीच्या नाटकात. दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडई आली की नाटक आलं, आणि नाटक आलं की पडदे अन् लाइट भैयाजींचे.

त्यांचा चंद्र तर साकोलीपर्यंत नावाजलेला. पार्वताबाईंच्या आंदणात भंडाऱ्याची एक मोठी पितळी परात आली होती. लग्नाचे पाहुणे घरी पोचतात न पोचतात तोच भैयाजींनी तिला भोकं पाडली, दोरीला बांधली, समोरून दिवा टाकला आणि पडद्यावर पुनव उगवली. बिचाऱ्या पार्वताबाई पुढे आयुष्यभर गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, कणीक मळत राहिल्या. एकदा दोरी तुटून पुनवेचा चंद्र नायकाच्या डोक्यावर पडला. लोक अजून म्हणतात की त्या नाटकातला तेवढाच प्रवेश खरा वाटला.

मिशांची गोष्ट मात्र वेगळी. ती मोहाडीत सगळ्यांना माहीत आहे आणि भैयाजींसमोर कोणालाच माहीत नाही. तरुणपणी भैयाजी दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाट्याच्या खेळात, बाईचं सोंग घेत. नऊवारी, अंबाडा, गजरा. चालही अशी की म्हातारे काठ्या विसरून पुढे सरकत. पार्वताबाईंच्या गावी दंडार झाली आणि पार्वताबाईंना हा मुलगा आवडला. वडिलांनी मात्र सोयरिकीला आलेल्यांना दारातच सांगितलं, "मी मायी पोरगी माणसाले देईन. बाईले बाई कायले देऊ?" भैयाजी घरी गेले आणि मिशा राखू लागले. पिळता येतील एवढ्या झाल्या तेव्हा सासऱ्याने होकार दिला. त्या दिवसापासून वस्तरा वरच्या ओठाला लागला नव्हता. पार्वताबाईंना त्या मिशा आवडतात की नाही, हे विचारायचं मात्र कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

तर अशा मिशा पणाला लागल्या त्या तहसील ऑफिससमोरच्या सचिनच्या सलूनमध्ये.

सचिनकडे दाढी एखादाच करतो, बाकीचे पेपर वाचायला येतात. त्यातले पहिले श्यामराव मेश्राम, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आणि भैयाजींचे शाळेपासूनचे दोस्त. त्या दिवशी सचिनच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात एक माणूस तावातावाने सांगत होता की अमेरिकेचा माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सगळं स्टुडिओतलं नाटक.

भैयाजींच्या मिशा टवकारल्या. "म्या कवाचं सांगून राहिलो! हे पाह्य, झेंडा हालून राहिला. चांदावर हवा नाही ना? मंग झेंड्याले हालवते कोण? विंगेतला माणूस!"

श्यामरावांनी पेपर खाली ठेवला. "अबे, झेंड्यात वरतून आडवी काडी घातली आहे. गाडताना काडी हालली का झेंडाही हालनच ना."

"अन् चांदण्या कुठी आहेत?"

"तुह्या नाटकात कुठी रायत होत्या?"

"माह्याजवळ परात एकच होती!"

सलून हसलं. श्यामराव मात्र हसले नाहीत. "आमी शाळेत होतो तवाची गोष्ट. गुरुजीनं खिडकीत रेडिओ ठेवला होता. माणूस चांदावर उतरला हे आयकून गुरुजीच्या डोऱ्यातून पाणी आलं. तू बाजूलेच बसला होता भैया. तो माणूस खोट्यासाठी रडन का?"

"माह्या नाटकात पुरा मंडप रडे," भैयाजी म्हणाले. "ते का खरं होतं?"

हे लागलं. श्यामराव ताडकन उठले. "एवढं सोपं आहे त करून दाखव! तू बनव चांद. सचिनच्या दुकानात बसलेल्या लोकायले तुहं कोणतं अन् अमेरिकेचं कोणतं हे समजलं नाही, त मी मंडईत माइकवर सांगीन का चांदावर कोणी गेला नाही, आमचे गुरुजी फसले. अन् समजलं त?"

"त ह्या मिशा उतरवीन! याच खुर्चीत!"

सचिनने वस्तरा हातावर घासून पाहिला. असा दिवस आपल्या दुकानात उजाडेल, असं त्याच्या बापालाही कधी वाटलं नव्हतं.

चंद्र शोधायला भैयाजींना लांब जावं लागलं नाही. गावाबाहेर राइस मिलच्या मागे धानाची फोलपटं जाळलेली राख टाकतात. करडे ढिगारे, मधे खड्डे, गवताची काडी नाही. रोज बाजूने जाणारे लोक नाक दाबतात, भैयाजी थबकून म्हणाले, "घ्या! चांद त मोहाडीतच पडला आहे."

नाटकाचा जुना काळा पडदा बांबूंना ताणला. परातीला निळा रंग देऊन वर टांगली, कारण चंद्रावर उभं राहिल्यावर आकाशात पृथ्वी दिसायला हवी.

"मायी परात आधी चांद होती, आता धरती झाली," पार्वताबाई म्हणाल्या. "भाकरीची परात कवा होईन जी?"

"काय वो, कलेची कदर नाही तुले."

"हारले त खरंच काढान का मिशा?"

"हारतो कायले?"

"तसं नाही, आपलं इच्यारलं," म्हणत पार्वताबाई आत गेल्या आणि बराच वेळ आतून गुणगुणणं ऐकू येत राहिलं.

आता चंद्रावर चालायला माणूस हवा. "तुहा इश्वास आहे ना? मंग तूच जाय," म्हणून भैयाजींनी श्यामरावांनाच उभं केलं. अंगात पांढरा रेनकोट, आत दोन स्वेटर, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, पाठीवर फवारणीचा पंप. श्यामरावांचे गुडघे आधीच गेलेले. प्रत्येक पाऊल ते असे अलगद, उडी मारल्यासारखे टाकत की मोबाइल धरून उभा असलेला सचिन ओरडला, "काकाजी, एक नंबर! अस्सल अमेरिका!"

"अबे, दुखून राहिलं म्हणून तसं चालतो मी!" हेल्मेटमधून आवाज आला.

पाऊल बघितलं तर राखेत बुटाचा ठसा नक्षीसारखा उमटलेला. भैयाजी खूश. पण पुढच्या पावलाला राख उडाली आणि उडाली ती खाली यायचं नावच घेईना. श्यामराव दिसेनासे झाले. नुसतं खोकणं उरलं. सचिन शिंकला, भैयाजी शिंकले, मिलचा चौकीदार लांबून शिंकला.

भैयाजींनी मूळचा व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातला चंद्रावरचा माणूस पाय झटकायचा, धूळ कमान करून जायची आणि मूठभर धान फेकल्यासारखी सरळ खाली बसायची. ढग नाही, रेंगाळणं नाही.

"राख भिजवून पाहू," भैयाजी म्हणाले. भिजवली, तर चिखल झाला, उडेचना. मग कारध्याहून वैनगंगेची वाळू आणवली. वाळू छान खाली पडली, पण ठसा टिकेना. खाली राख वर वाळू केली, तर वाळूबरोबर राखही उठली. ठसा हवा तर राख, पडायला हवी तर वाळू. दोन्ही गुण एका जागी काही येईनात. भैयाजी भात पानात गार होईपर्यंत बोटाने ताटात खड्डे करत बसू लागले. शेवटी कसंबसं एक छोटं दृश्य जमलं. श्यामरावांचं पाऊल पडतं, धूळ उडते आणि ढग व्हायच्या आत सचिनने ते कापलेलं.

बाजाराच्या दिवशी सलून भरलं. सचिनने दोन्ही दृश्यं एकामागून एक दाखवली, रंग काढून, सारखीच धूसर करून. आंधळगावचा एक पाहुणा, शाळेतले मास्तर, दोन भाजीवाले, कोणालाच फरक सांगता येईना. पाहुणा तर मोबाइलमधल्या श्यामरावांकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच असली. याची चाल पाहा ना, जमिनीवरचा माणूस असा चालूच शकत नाही!"

सलून दणाणलं. सचिनने भैयाजींच्या गळ्यात टॉवेलच हारासारखा घातला. मिशा वाचल्या होत्या. वाचल्या काय, अजून बोटभर वाढल्यासारख्या दिसत होत्या.

श्यामराव उठले. पेपरची नीट घडी केली. "हारलो बापा. मंडईत सांगतो. गुरुजी फसले म्हणून सांगतो." आणि चप्पल शोधू लागले.

भैयाजींचा हात मिशीकडे निघाला होता, तो मधेच थांबला. त्यांची जुनी खोड अशी, की परात बोटभर हलली आणि कोणाला दिसलं नाही तरी त्या रात्री त्यांना घास जायचा नाही.

"थांब बे शाम्या," ते म्हणाले. "सचिन, माहं परत लाव. हळू कर. आता थांबव. त्या कोपऱ्यात पाह्य. बुटाच्या मागं. ते काय आहे?"

सगळे वाकले. करड्या धुळीची एक बारीकशी शेपटी हवेत लटकून राहिली होती. कापायच्या आधीच्या एका क्षणात सापडलेली.

"ते हवा आहे," भैयाजी म्हणाले. "इथची, मोहाडीची हवा. धुळीले झोका देऊन राहिली. अन् त्यायच्यात पाह्य, कुठी झोका आहे? म्या राख घेतली, रेती घेतली, पाणी टाकून पाह्यलं. पडदा माहा, लाइट माही, चाळीस वर्साचा धंदा माहा. मले जमलं नाही. हवा नसल्याबिगर ते जमतच नाही. अन् हवा नसलेली जागा मंडपात कुठून आणू?"

मग श्यामरावांकडे न बघता म्हणाले, "गुरुजी खऱ्यासाठीच रडले होते बे. मी बाजूलेच बसलो होतो."

श्यामरावांनी खुर्चीवरचे केस स्वतःच्या रुमालाने झटकले आणि दोस्ताला बसवलं. सचिनने उचललेला वस्तरा परत खाली ठेवला. "भैयाजी, आधी फोटो काढू का जी?"

"काढ बे. तुह्या पोराले दाखवजो, अशा मिशा होत्या म्हणून."

घरी निघताना भैयाजींनी वरच्या ओठावर गमछा दाबून धरला होता. आधाराला श्यामराव बरोबर. पार्वताबाई अंगणात परातीचा निळा रंग चिंचेने घासत बसल्या होत्या.

"काय झालं जी? दात काढला का?"

भैयाजींनी गमछा बाजूला केला. पार्वताबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी चिंचेचा हात तोंडावर दाबला आणि खुदखुदत अशा हसल्या की शेजारच्या करुणा भिंतीवरून डोकावल्या.

"अवो माय!" पार्वताबाई म्हणाल्या. "याच पोराच्या मागं लागली होती मी! त्या मिशावाल्यासंग उगाच संसार केला इतके वर्स."

भैयाजी लाजले. मिशा नसल्याने ते लपवायलाही जागा नव्हती. "मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इच्यारलं का कवा? आता तसे चालून दाखवा एकडाव. दंडारीत चालत होते तसे."

"हट्! काय बोलतेस वो, श्यामराव उभा आहे."

श्यामरावांनी तोवर खाली बसून परात मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर दंडारीचा ठेका धरला होता. भैयाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गमछ्याचा पदर डोक्यावर घेतला आणि कंबर अगदी थोडी, वयाला झेपेल एवढी, डावीकडे टाकून पहिलं पाऊल टाकलं. धूळ उडाली आणि मजेत हवेत रेंगाळत राहिली.

तेवढ्यात पार्वताबाईंची नजर ओसरीवर गेली. तिथे भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, जावयाकडे रोखून बघणारा. त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि बापाचं तोंड भिंतीकडे करून परत खाली येऊन बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता चाला."