यमाच्या तोंडचं वाक्य

लेकीनं मला यम व्हायला सांगितलं तेव्हा तिच्या आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी सरळ विचारलं, "दुसरा कोण न्हाय मिळाला?"

लेक मुंबईला एका संस्थेत आहे. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी ती एक शिबिर आखत होती. तिचं म्हणणं, पोरगं मोठं कधी झालं ते हल्ली कुणाला कळत नाही, त्या पोरालाही नाही. निकाल लागतो, नोकरी लागते, आतून ते तसंच. हे मला पटलं. माझ्या बापानं एक दिवस नांगर माझ्या हातात दिला आणि स्वतः बांधावर जाऊन बसला, तेव्हा मी मोठा झालो. लेकीकडे नांगर नाही, म्हणून तिनं पुराण घेतलं.

तिनं घेतलेली गोष्ट यमाच्या दारात बसलेल्या पोराची. बाप रागानं म्हणतो, जा, तुला यमाला दिला. पोरगा खरंच जातो. यम घरी नसतो. पोरगा दारात उपाशी बसून राहतो. यम येतो, पाहुणा उपाशी राहिला म्हणून वरमतो आणि तीन वर देतो. तिसऱ्याला पोरगा विचारतो, माणूस मेल्यावर काही उरतं का?

लेक पडवीत मोठाले कागद पसरून बसली होती. "आपलं घर म्हणजे यमाचं घर, बाबा. मुलं सकाळपासून दारात बसणार, फक्त पाण्यावर. तुम्ही दिवसभर बाहेर राहायचं, संध्याकाळी यायचं."

"आणि यमाची बायको कुठं गेलती? तिनं त्याला जेव म्हटलं न्हाय?"

"ते माझ्या कागदात नाही," म्हणून ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

मग तिनं तिसऱ्या वराचं उत्तर माझ्या हातात दिलं. मी शाळा फार पाहिली नाही, पण अक्षर लावून वाचलं. गेलेलं माणूस जात नाही, ते असतंच, आपल्याला दिसत नाही एवढंच. मी कागद परत केला.

"हे मी न्हाय बोलणार."

"का?"

"मला ठावं न्हाय म्हणून."

"तुम्हाला नसेल. यमाला ठाऊक आहे."

"मग त्यालाच बोलाव."

ती कागद गोळा करायला लागली. मान वर न करता म्हणाली, "मुलांचं राहू दे. मला ऐकायचंय ते, बाबा. तुमच्या तोंडून."

आई गेली त्या दिवशी ती मुंबईहून पोचली तेव्हा तिची आई अंगणात आडवी होती, हळदकुंकू लावून झालेलं. कशी गेली ते लेकीनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढा पसारा तिनं त्या एका वाक्यासाठी मांडला होता, हे मला तेव्हा कळलं. मी तो कागद पुन्हा उचलून खिशात घातला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

शिबिराच्या दिवशी घर सोडलं आणि माझा कुठंच पाय ठरेना. दिघीच्या धक्क्यावर बसलो, उठलो. फेरीबोटीत चढलो, पलीकडं आगरदांड्याला उतरलो, चहा सांगितला आणि अर्धा टाकून पुन्हा बोटीत आलो. वाक्य मनात घोकत होतो. "असतंच" इथपर्यंत आलं की जीभ अडायची. ती आहे, तर दिसू दे ना. मी अजून निम्म्याच खाटेवर निजतो. कुणासाठी जागा सोडतो मी? परतीला बोटीवरचा माणूस म्हणाला, "काका, उतरायचं हाय का इथंच राहताव?"

घरी आलो तर अंगणात वेगळाच तमाशा. पोरं पोट भरून सुस्त बसलेली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, ताटं रिकामी. लेक लाल झालेली आणि समोर माझी चुलतभावजय कमरेवर हात ठेवून उभी.

"काकी, मी घरोघर सांगून आले होते, यांना जेवायला देऊ नका म्हणून!"

"सांगितलंस की, बाय. पर दार तुझ्या आयशीचं हाय. तिच्या दारात पोरं उपाशी बसलेली आम्ही बघायची व्हय? तिनं मला कच्ची खाल्ली असती."

सगळी वाडीच एकेक भाकरी घेऊन आली होती. आता पाहुणा उपाशीच नाही तर यमानं वरमायचं कशाला? मी यमाचं सोंग म्हणून घोंगडं खांद्यावर घेऊन उभा राहिलो. एक पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमचा रेडा?"

"बोटीत चढंना."

हशा पिकला. पहिले दोन वर तसेच हसतखेळत गेले. मग पनवेलची एक मुलगी पुढं आली. ती हसत नव्हती. तिनं विचारलं, "माणूस मेल्यावर काही उरतं का?"

लेक खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. कागद खिशात होता. मी म्हणालो, "मला म्हायती न्हाय, पोरी. सकाळधरनं तेच शोधतोय. बसवत न्हाय, उभं ऱ्हावत न्हाय. म्हायती असतं तर पयलं माझ्या लेकीला सांगितलं असतं."

लेक खांब सोडून पुढं आली. "एक वाक्य होतं, बाबा. एवढं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्याशी खोटं बोललो असतो."

ती माझ्यासमोर पोरांच्या ओळीत, मातीत बसली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "मग जे माहीत आहे ते सांगा. आई कशी गेली?"

पोरांतलं कुणी उठलं नाही. भावजय ताटं उचलायची थांबली. मी घोंगडं काढून ठेवलं.

"सकाळची वेळ," मी म्हणालो. "ती तांदूळ निवडीत हुती. मला म्हणाली, जरा सूप धरा..."